पुण्यात जुनी कागदपत्रं कुठे आणि कशी मागायची? (मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, सूची 2 वगैरे)

सई_कोथरूड

नमस्कार. मदत हवी आहे, आणि थोडं सविस्तर लिहिते आहे.

आमची कोथरूडमधली सोसायटी 18 फ्लॅटची. ताबा 1986 मध्ये मिळाला. मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी कायदा) याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर 4 महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमची आजही मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. बिल्डर हयात नाहीत, त्यांच्याकडचे लोक दाद देत नाहीत. म्हणून सर्वसाधारण सभेत मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) ठराव झाला आणि सचिव म्हणून काम माझ्याकडे आलं.

वकिलांनी यादी दिली: मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), सातबारा, फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी), बिनशेती आदेश, यूएलसी (नागरी जमीन कमाल धारणा) आदेश, मंजूर नकाशा, बांधकामाचं संमतीपत्र, भोगवटा पत्र, सगळ्या फ्लॅटच्या सूची 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा). आमच्या कपाटात यातल्या तीन गोष्टींच्या झेरॉक्स आहेत, त्याही अशा की शिक्का दिसतो पण आकडा वाचता येत नाही.

एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "एवढं जुनं रेकॉर्ड नसतं." दुसऱ्या टेबलावर म्हणाले, "माहिती अधिकार टाका." टाकला. "इमारतीबाबत सर्व माहिती मिळावी" असं लिहिलं होतं. उत्तर आलं की माहितीचा बोध होत नाही.

माझे सासरे सोसायटीचे पहिले सचिव होते. आज 84 वर्षांचे आहेत आणि रोज संध्याकाळी विचारतात, "काय झालं गं?" नेमकी सुरुवात कुठून करू?

---

रेकॉर्डकीपर

सईताई, मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं अभिलेख कक्षात काढली, म्हणून आतल्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे इमारतीच्या नावाने एकही गठ्ठा बांधलेला नसे. कागद लावला जातो तो क्रमांकाने आणि वर्षाने. तुम्ही येऊन "अमुक अपार्टमेंटची फाईल द्या" म्हणालात तर प्रामाणिक माणसालाही ती काढता येणार नाही. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर क्रमांक गोळा करा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सिटी सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, बांधकाम मंजुरीचा क्रमांक व तारीख, बिनशेती आदेशाचा क्रमांक व तारीख.

हे मिळतील तुमच्या खरेदी कराराच्या परिशिष्टात, जिथे "मिळकतीचे वर्णन" आणि चतुःसीमा दिलेल्या असतात तिथे. स्वतःचा करार नीट वाचता येत नसेल तर बाकी सतरा जणांचे मागून बघा. कुणाच्या तरी ट्रंकेत पहिली, ठळक प्रत असतेच. मिळकत कराच्या बिलावरचा क्रमांक मात्र यात धरू नका. तो कर आकारणीचा असतो, सिटी सर्व्हेचा नाही. या एका गोष्टीपायी लोकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

क्रमांक हाती आले की मिळकत पत्रिका घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीची मिळते, घरबसल्या. पण नुसती घेऊन फाईलला लावू नका, वाचा. खालच्या तक्त्यात दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, मग नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा), आणि शेवटी साक्षांकन असे रकाने असतात. "भा" असं अक्षर दिसलं तर मिळकतीवर बोजा आहे किंवा होता. तो उतरल्याची नोंद पुढे आहे का ते बघायचं.

जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून "आपले अभिलेख" या पोर्टलवर ठेवलेत, तिथे शोधा. फेरफाराचं वाचन मागे मागे जात करायचं असतं. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तो काढा. त्या फेरफारात आधीचा संदर्भ सापडतो, तो काढा. विहिरीतून दोर ओढावा तसं. सिटी सर्व्हे पहिल्यांदा झाला तेव्हाची चौकशी नोंदवहीसुद्धा असते. तिचा उतारा मागा. मूळ धारक कोण ठरला आणि कशावरून, हे तिथे लिहिलेलं असतं.

---

शोध_अहवाल

मी वकिलांकडे मिळकतींचे शोध घ्यायचं काम करते. काकांनी सांगितलं त्यात नोंदणी कार्यालयाची भर घालते.

सूची 2 साठी नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सोय आहे. पुण्यात दस्तांचं संगणकीकरण 2002 च्या सुमाराचं, त्यामुळे त्यानंतरचे व्यवहार स्क्रीनवर सापडतात. तुमचे 1986 चे करार हाताने लिहिलेल्या वह्यांमध्ये असणार. करारावर नोंदणीच्या शिक्क्यात "हवेली क्र." असं कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष असतं. हे तिन्ही मिळालं की शोधाचं शुल्क ग्रासवर (सरकारी शुल्क भरायच्या संकेतस्थळावर) भरून चलन काढायचं आणि त्या दुय्यम निबंधकांकडे अर्ज द्यायचा. हवेली तालुक्यात एवढी कार्यालयं आहेत की क्रमांक चुकला तर अख्खा दिवस जातो. जुन्या वह्या एका कार्यालयातून दुसरीकडे हलवलेल्याही असतात, म्हणून आधी फोन करा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: नोंदणी अधिनियम 1908 चं कलम 57. पुस्तक क्रमांक 1, म्हणजे स्थावर मिळकतीचे दस्त, आणि त्याची सूची कुणालाही पाहता येते व प्रत मागता येते. मालकाची परवानगी लागत नाही. मृत्युपत्रांचं पुस्तक 3 आणि पुस्तक 4 यांना बंधनं आहेत. लोक सूचीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात आणि "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती" म्हणून नकार घेऊन येतात. जिथे कायद्याने दार आधीच उघडं ठेवलंय तिथे त्याच दाराने जावं.

एक अडचण येऊ शकते. त्या काळातले फ्लॅटचे करार बऱ्याच ठिकाणी नुसत्या स्टॅम्पपेपरवर केलेले असत, नोंदणीच झालेली नसे. तुमच्या अठरापैकी असे किती हे आत्ताच बघा. नंतर कळलं तर प्रकरण तिथेच अडतं.

---

टेकडीवाला

माहिती अधिकाराबद्दल मी लिहितो. गेली 11 वर्षं आमच्या भागातली झाडतोड, टेकडीवरची बांधकामं, रस्त्यांची कामं यांचे कागद काढतो आहे.

ताई, तुमचा अर्ज फेटाळला गेला तो शब्दांमुळे. "सर्व माहिती" म्हणून कुठलीही फाईल नसते. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांच्या आत हवा असं आहे, तेही पाळा. अर्जाचा नमुना जोडपत्र अ, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आणि मजकूर असा:

"विषय: कोथरूड, स.नं. अमुक, हिस्सा नं. अमुक, सि.स.नं. अमुक या मिळकतीवरील बांधकाम परवानगी. कालावधी: 1 जानेवारी 1983 ते 31 डिसेंबर 1987. तपशील: (1) सदर परवानगीच्या संपूर्ण फाईलचे अवलोकन करू द्यावे. (2) अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या व नकाशांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. माहिती व्यक्तिशः घेईन."

एवढंच. का हवी ते लिहू नका, कलम 6(2) प्रमाणे कारण विचारताच येत नाही. प्रश्न विचारू नका, म्हणजे "भोगवटा पत्र का दिले नाही?" असं नको. उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, कागद दाखवणं आहे.

आधी अवलोकन, मग प्रती, असं मी मुद्दाम सांगतोय. फाईल समोर उघडली की तुम्हाला माहीतही नसलेले कागद निघतात: सुधारित नकाशे, नोटिसा, टिपणीतले शेरे. पहिल्या तासाला शुल्क नाही, पुढे नाममात्र. पानाला 2 रुपये, मोठ्या नकाशाला त्याचा खर्च.

त्याही आधी एक सोमवार काढा. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाईल बघू देण्याची पद्धत पडली, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य सरकारने जिल्हा व स्थानिक कार्यालयांसाठी हीच वेळ ठरवून दिली. परिपत्रकाची एक प्रत पिशवीत ठेवा. टेबलावर बसलेल्या माणसाला ते माहीत नसणं शक्य आहे. शांतपणे दाखवायचं.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, 20 रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटून मिळालेली माहिती कलम 7(6) प्रमाणे मोफत द्यावी लागते. अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

---

दादर_पश्चिम

मुंबईकरांसाठी एवढंच: शहरात जमिनीचा सी.एस. नंबर चालतो, उपनगरात सी.टी.एस. दोन्ही एकच समजून अर्ज केला तर कागद दुसऱ्याच जागेचा येतो. आणि ई-सर्चमध्ये मुंबईचे दस्त 1985 पासून सापडतात, त्यामुळे आमच्या सोसायटीचं काम त्या मानाने लवकर झालं.

---

एडिसनकर

धागा वाचून धीर आला, म्हणून माझंही विचारतो. आईचा जन्म पुण्याचा, 1953, नारायण पेठेत घरीच. इथे अमेरिकेत एका अर्जासाठी तिचा जन्मदाखला हवा आहे. मामेभावाने चौकशी केली तर "या नावाची नोंद नाही" असं कळलं. मी दोन आठवड्यांच्या सुट्टीत येणार आहे. काय करता येईल?

---

रेकॉर्डकीपर

एडिसनकर, "या नावाची" हेच शब्द धरा. त्या काळी जन्माची वर्दी द्यायला घरातला कुणी जाई तेव्हा बारसं झालेलं नसे. नोंदवहीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा किंवा नुसतं "मुलगी", आणि वडिलांचं पूर्ण नाव, पेठ, घर नंबर. तेव्हा शोध आजोबांच्या नावाने आणि तारखेने घ्यायला सांगा. तारीखही आधी-नंतर काही आठवडे धरून, कारण नोंद वर्दीच्या तारखेला असते. शाळेत घालताना जन्मतारीख वर्षभराने मागेपुढे लावायची पद्धत होती, म्हणून लगतची वर्षंही बघावीत.

आजीचं ते बाळंतपण माहेरी झालं की सासरी, हेही आईला विचारा. पुष्कळदा आपण ज्या गावी शोधत असतो तिथे जन्म झालेलाच नसतो.

नोंद मिळाली तर नाव समाविष्ट करता येतं का ते विचारा. नाहीच मिळाली तर अनुपलब्धतेचा दाखला लेखी घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. शाळा ही रजिस्टरं फार जपून ठेवतात. सुट्टीत येण्याआधी मामेभावाला अधिकारपत्र पाठवा आणि शोध आत्ताच सुरू करा. दोन आठवडे पुरणार नाहीत.

---

मोडीप्रेमी

यात एक भर. आज पुण्यात असलेली बरीच गावं जन्मनोंदीच्या वेळी पुण्यात नव्हती. 11 गावं 2017 मध्ये महापालिकेत आली, 23 गावं 2021 मध्ये, त्याआधीही टप्प्याटप्प्याने आली. तिथला जुना जन्ममृत्यू हा गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात. ते तहसील कार्यालयात बघायचं, आणि जुनी पानं मोडीत असतात. बांधकामाचंही तेच. गाव आत येण्यापूर्वीची परवानगी ग्रामपंचायतीची किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडची असणार.

पेठेतल्या वाड्याचा इतिहास कुणाला हवा असेल तर पुणे पुरालेखागारात जा, जुने लोक ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात. कापडी रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत. मी तिथे पहिल्यांदा रुमाल सोडला तेव्हा कागदावर शाई वाळवायला टाकलेली वाळू अजून चमकत होती. इनाम, वतन, घरवाडे यांचे उल्लेख मिळतात. मोडी येत नसेल तर पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं, त्यात शिकून जाणकार झालेले पुष्कळ जण आहेत.

---

सई_कोथरूड

पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे.

क्रमांकांचा कागद तयार झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी करार जुन्या साडीच्या घडीत ठेवला होता, अगदी करकरीत. अठरापैकी चौदा करार नोंदलेले निघाले, चार नाहीत. त्यांचं वकील बघत आहेत. मिळकत पत्रिका, फेरफार, सूची मिळाल्या. यूएलसीचा आदेशही मिळाला. तो कायदा राज्यात 2007 मध्ये रद्द झाला म्हणून कागदही गेले असतील असं वाटत होतं, पण ते जपलेले आहेत.

मंजूर नकाशावर मात्र अडले. टेकडीवाल्यांच्या मजकुराप्रमाणे अर्ज केला. लेखी उत्तर आलं: "सदर फाईल अभिलेखात आढळून येत नाही." त्याखाली सही, विषय संपला. सासऱ्यांना सांगितलं नाही अजून.

---

टेकडीवाला

विषय संपलेला नाही. "आढळून येत नाही" हे माहिती नाकारण्याचं कारण कायद्यात कुठेच नाही. कलम 8 आणि 9 वाचा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्ये भांबुरकर प्रकरणात सांगितलंय की एकेकाळी असलेली माहिती नुसती सापडत नाही म्हणून हात झटकता येत नाहीत, कसून शोध घेतला पाहिजे आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवली पाहिजे. आपल्या राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे, 2005 चा.

आजच पहिलं अपील लिहा. त्यात दोन गोष्टी मागा: शोध कुणी, कुठे, कोणत्या तारखेला घेतला त्याचा अहवाल, आणि फाईल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत. नष्ट केल्याचीही नोंद ठेवावी लागते.

---

रेकॉर्डकीपर

त्यासोबत हेही विचारा की फाईल कोणत्या वर्गात होती. आपल्याकडे अभिलेखाचे वर्ग असतात: अ कायमचा, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 5 वर्षं, ड 1 वर्ष. वर्ग कळला की कागद असायला हवा होता की नाही ते कळतं.

आणि ताई, माझ्या अनुभवातून एक. हरवलेली म्हणून सांगितलेली फाईल पुष्कळदा जागच्या जागी असते, फक्त वेगळ्या नावाखाली. तुमच्या बिल्डरने त्या सर्व्हे नंबरात एकच इमारत बांधली का? आजूबाजूला त्यांची दुसरी इमारत असेल तर त्या सोसायटीत जाऊन त्यांच्याकडचा नकाशा बघा. सगळ्या इमारतींचं रेखांकन एकत्र मंजूर झालं असेल तर फाईल अख्ख्या सर्व्हे नंबरावर असणार, तुमच्या हिश्शावर नाही.

---

सई_कोथरूड

काका, काय सांगू तुम्हाला!

गल्लीच्या टोकाची सोसायटी त्याच बिल्डरची. त्यांच्या अध्यक्षांकडे त्यांच्या भोगवटा पत्राची प्रत होती आणि तिच्यावर मंजुरीचा क्रमांक, साल 1984. तीन इमारती, एकच रेखांकन, हिस्सा नंबर कुठेच नाही. तो क्रमांक अपिलात जोडला. सुनावणीला अपिलीय अधिकारी बाईंनी पंधरा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं, अभिलेख कक्षातल्या लिपिकाला बोलावलं आणि सात दिवसांची मुदत दिली. चौथ्या दिवशी फोन आला.

काल फाईल बघितली. पांढऱ्या नाडीने बांधलेली, कडा विटक्या झालेल्या. नकाशा निळ्या छपाईचा, आठ घड्या घातलेला. घडीच्या रेषांवर निळा रंग उडून कागद पांढरा पडलाय. लिपिकांनी टेबलावरचं सगळं बाजूला केलं, दोन्ही बाजूंनी धरून माझ्यासोबत तो उलगडला आणि म्हणाले, "सावकाश, मधली घडी फाटेल." आमची इमारत "ब" म्हणून दाखवली आहे. मागची जागा, जिच्यावर बिल्डरकडचे लोक इतकी वर्षं हक्क सांगत होते, तिथे स्पष्ट अक्षरांत "खुली जागा" लिहिलंय आणि खाली मंजुरीचा गोल शिक्का आहे.

प्रमाणित प्रती मिळाल्या. घरी येऊन सासऱ्यांसमोर नकाशा पसरला. चष्मा काढून, भिंग घेऊन त्यांनी आधी जिना शोधला, मग आमचा फ्लॅट, मग बराच वेळ ती मागची जागा बघत राहिले.

आता एकच गाठ उरली. मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र नकाशातल्या क्षेत्रापेक्षा 22 चौरस मीटरने कमी आहे. वकील म्हणतात, अर्जाआधी याचा खुलासा हवा.

---

रेकॉर्डकीपर

पुढचा रस्ता रुंद झाला होता का? तेवढं क्षेत्र रस्त्यात गेलं असेल तर पत्रिकेवर तशी नोंद हवी, खंड क्रमांकाच्या आसपास बघा. नोंद नसेल तर पूर्वी झालेल्या मोजणीची "क" प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मागा, हिस्सा मोजणीचं टिपणही मागा. दोन्ही मिळाले की इथे आकडे टाका, आपण मिळून बघू.

---

सई_कोथरूड

रस्ता रुंद झाला होता, सासरे म्हणतात 1990 च्या आसपास, कुंपणाची भिंत तेव्हा आत घेतली होती. सोमवारी 3 वाजता जाते आणि रात्री इथे लिहिते.